पिवचा पाणी आणि दुसरी बॅटरी

लालबागमध्ये कोणी गाडी घेतली की ‘ॲव्हरेज किती देते?’ हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न ‘लावणार कुठे?’ माझ्या पुतण्याने महिंद्राची थार घेतली. माहितीपत्रकात लिहिलं होतं, की ही गाडी 650 मिलिमीटर खोल पाण्यातून जाते, चिखलातून जाते, दगडांवर चढते. पहिल्या दिवशी गल्लीत शिरताना मसाल्याची पोती घेऊन चाललेल्या एका हातगाडीने तिला अर्धा तास अडवून ठेवलं. हातगाडीवाल्याने माहितीपत्रक वाचलेलं नव्हतं.

पाण्याच्या आकड्याबद्दल मात्र चाळीला आदर वाटला. “650 मिलिमीटर म्हणजे हिंदमाता होऊन जाईल,” असा निर्वाळा पहिल्या मजल्यावरून आला. दुसऱ्या मजल्याने लगेच दुरुस्ती केली, की महापालिकेने जमिनीखाली टाक्या बांधल्यापासून हिंदमाताला पूर्वीसारखं तुंबून राहत नाही. थोडक्यात, पोराने गाडी घ्यायला उशीर केला.

तसा असल्या गाडीचा आणि आमच्या भागाचा संबंध जुना. 1940च्या दशकाच्या शेवटी महिंद्रांनी विलीस जीपची जुळणी सुरू केली ती माझगावात, म्हणजे लालबागहून पायी जाण्याच्या अंतरावर. जिथे रस्ता संपतो तिथून पुढे जाणारी गाडी शेजारी बोल्ट आवळून तयार होत होती आणि लालबागचा गिरणी कामगार ट्रामला लोंबकळत होता. तिसऱ्या पिढीने अखेर ती गाडी घरी आणली, आणि आता ती हलत नाही. कारण गाडी हलवली की जागा जाते.

हार झाला, नारळ फुटला, लिंबू-मिरची लागली. इथवर सगळं रीतीला धरून होतं. मग एका संध्याकाळी पुतण्या समोर येऊन बसला आणि पडलेल्या आवाजात म्हणाला, “काका, मी दुसरी बसवतोय.”

आतल्या खोलीत परात पडल्याचा आवाज झाला.

“अगं काकू, बॅटरी!” तो ओरडला.

गाडीतल्या मूळ बॅटरीचं मुख्य काम दोन-चार सेकंदांचं. किल्ली फिरवली की सेल्फला शे-दीडशे, वेळ पडली तर त्याहून जास्त अँपिअरचा झटका द्यायचा. इंजिन चालू झालं, की अल्टरनेटर 14 व्होल्टच्या आसपास वीज देऊन तिला पुन्हा भरतो. सेल्फची ही सोय 1912च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांनी आणली. तोवर गाडीपुढे उभं राहून हँडल मारावं लागे आणि ते उलटं फिरलं की मनगट कामातून जाई. झटका देणाऱ्या या बॅटरीतल्या शिशाच्या पट्ट्या पातळ असतात. तिच्यावर रात्रभर दिवा, पंखा, फ्रिज चालवला की ती उतरते आणि असं वरचेवर झालं की कायमची बसते. म्हणून जंगलात मुक्काम करणारे लोक चैनीसाठी वेगळी बॅटरी ठेवतात, जी सावकाश आणि बरीच रिकामी झाली तरी कुरकुरत नाही. इंजिन चालू असताना दोन्ही भरायच्या, बंद झालं की दोघींचा संबंध तोडायचा. फ्रिजने दुसरी पार कोरडी केली तरी सकाळी पहिली ताजीतवानी असते.

ही विद्या पुतण्या ऑस्ट्रेलियाच्या व्हिडिओंवरून शिकला. तिथे म्हणे हे अगदी घरोघरचं. “काका, समजा आपण वाळवंटात आहोत. तीनशे किलोमीटरमध्ये माणूस नाही. रात्री बॅटरी उतरली. सकाळी काय करणार?”

मी प्रामाणिकपणे कल्पना करून पाहिली. तीनशे किलोमीटरमध्ये माणूस नाही, हे चित्र लालबागमध्ये जन्मलेल्याच्या डोळ्यांपुढे उभंच राहत नाही. इथे गाडीने सकाळी नुसतं ‘टक्’ केलं तरी खिडक्यांतून चार डोकी बाहेर येतात, पाचवा ‘सेल्फ गेला’ असं निदान करतो आणि सहाव्याने मागून हात लावलेलाही असतो.

“धक्का मारायला पोरं आहेत की,” मी म्हणालो.

“ऑटोमॅटिक आहे, काका. धक्क्याने चालू होत नाही.”

ही बातमी चाळीत पसरली तेव्हा गाडीबद्दल पहिल्यांदाच हळहळ व्यक्त झाली. एवढे पैसे घालून पोराने अशी गाडी आणली, की जिच्यावर उपकार करायची सोय नाही.

आता दुसरी बॅटरी बसवायची तर सल्ले आले. गल्लीत राहणारे ट्रकचे एक चालक म्हणाले, “त्यात काय, आमच्या गाडीला पहिल्यापासून दोन आहेत.” पुतण्याने त्यांना समजावलं, की ट्रकच्या दोन बॅटऱ्या एकीमागे एक जोडून 12 आणि 12 अशा 24 व्होल्ट करतात, एक उतरली की दुसरीचा काही उपयोग नाही. चालकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, “पोरगा ठीक आहे ना?”

खरी अडचण व्हीएसआर समजावताना आली. व्होल्टेज बघून काम करणारा हा रिले. इंजिन चालू झालं आणि पहिल्या बॅटरीपाशी व्होल्टेज साधारण 13.3च्या वर गेलं, की तो दुसरी जोडून देतो. इंजिन बंद होऊन ते 12.8च्या खाली उतरलं, की तोडतो. पुतण्या आकडे सांगत होता, चाळीतले चार पुरुष माना हलवत होते आणि कोणालाही काही कळत नव्हतं. तळमजल्यावरच्या मालवणी आजी नळाखाली हंडा लावून उभ्या होत्या. त्यांनी मागे न बघताच निकाल दिला.

“मेल्या, ह्या शिकूक तुका ऑस्ट्रेलिया बघूक लागली? नळ इलो की आधी पिवच्या पाण्याचो हंडो भरूचो. तो भरलो की मगे पायप पिंपात सोडूचो. नळ गेलो की दोघांचो संबंध संपलो. पिंपातला पाणी काय व्हया ता करा, पिवच्या पाण्याक कोणी हात लावूचो नाय.”

पुतण्या हरला नाही. म्हणाला, “आजी, हल्लीच्या कित्येक गाड्यांत अल्टरनेटर डिझेल वाचवायला मध्येच व्होल्टेज उतरवतो. रिलेला वाटतं इंजिन बंद पडलं. म्हणून डीसी-टू-डीसी चार्जर लावतात. तो कमी दाबाची वीज घेतो आणि दुसऱ्या बॅटरीला हवा तेवढा दाब करून देतो.”

“म्हणजे पंप,” आजी म्हणाल्या. “सरळ पंप म्हण ना. पण महापालिकेचो माणूस इलो तर लपयतलंस खंय?”

चाळीला सगळं समजलं. त्या दिवसापासून आमच्याकडे पहिल्या बॅटरीचं नाव पिवचा पाणी.

आजींना माहीत नव्हतं, पण अख्ख्या मुंबईची वीजव्यवस्था हीच रीत पाळते. बाहेरची ग्रिड कोसळली, तर शहराने स्वतःला तिच्यापासून तोडून घ्यायचं आणि शहराच्या आणि आसपासच्या वीजकेंद्रांवर आपला संसार चालवायचा, अशी इथे जुनी योजना आहे. इंजिनिअर तिला आयलँडिंग म्हणतात. 12 ऑक्टोबर 2020 रोजी सकाळी तिनेही हात टेकले आणि लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. नवी थार बाजारात आली ती त्याच महिन्याच्या 2 तारखेला. या दोन तारखांचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण पुतण्याने घरातली मतं फिरवताना तो पुरेपूर वापरला.

खरेदीला मी बरोबर गेलो. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, 100 अँपिअर-अवर. त्याच ताकदीच्या शिशाच्या बॅटरीचं वजन तीस किलोच्या घरात जातं, ही बारा-तेरा किलोंची. शिवाय शिशाची अर्धी वापरून थांबावं लागतं, ही बरीच खाली नेता येते. किंमत पुतण्याने घरी निम्मी सांगितली आणि काकू त्या निम्मीवरच जेवायच्या थांबल्या. वायरीसाठी विजेच्या सामानाच्या बाजारात, लोहार चाळीत गेलो. “25 स्क्वेअर एमएम, लाल आणि काळी,” पुतण्या म्हणाला. दुकानदाराने चष्म्यावरून बघत विचारलं, “लिफ्ट बसवताय?”

त्याचंही चुकत नव्हतं. घरात 230 व्होल्टवर हजार वॉटची इस्त्री साडेचार अँपिअरसुद्धा घेत नाही; तेवढंच काम 12 व्होल्टवर करायचं तर 80च्या वर अँपिअर लागतात. वायर बारीक घेतली तर ती तापते आणि निघालेले व्होल्ट वाटेतच खर्च होतात. म्हणून पुढच्या बॉनेटपासून मागच्या सीटमागे ठेवलेल्या बॅटरीपर्यंत करंगळीएवढी वायर. मागे अशासाठी, की बॉनेटखालची उष्णता लिथियमला सोसत नाही.

जोडणीच्या दिवशी मंडळाचा लाइटवाला आला. या गृहस्थाने तारुण्य मांडवाच्या बांबूंवर काढलेलं. झाडावर, गच्चीवर, पावसात, कुठेही माळा पेटवून दाखवणारा कलावंत. त्याने खिशातून टेस्टर काढला, बॅटरीच्या लाल टर्मिनलला लावला आणि मागे वळून जाहीर केलं, “हिच्यात करंटच नाही.”

निऑनचा टेस्टर 12 व्होल्टला पेटत नाही, हे त्याला सांगून पटेना. मग त्याने बोट लावून पाहिलं. काहीच झालं नाही. त्याच्या चेहऱ्यावर बॅटरीबद्दलची तुच्छता स्पष्ट उमटली. झटका देत नाही ती वीज कसली! तेवढ्यात त्याच्या हातातल्या पान्याचं एक टोक लाल टर्मिनलला आणि दुसरं गाडीच्या पत्र्याला लागलं. फाट्कन निळी-पांढरी ठिणगी उडाली आणि पान्याच्या तोंडाला हरभऱ्याएवढा खड्डा पडला. लाइटवाल्याने पाना जवळ घेऊन बराच वेळ पाहिला. मग हातातलं कडं काढलं, बोटातली अंगठी काढली, दोन्ही आजींकडे ठेवायला दिली आणि बॅटरीला नमस्कार केला. शरीराला न शिवता लोखंड वितळवणारी वीज त्याने मांडवात कधी पाहिली नव्हती.

यापुढचं काम परळच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेल्या, वरच्या मजल्यावरच्या फिटरकाकांनी हातात घेतलं. लाइटवाल्याची पद्धत तारा पिळून वर टेप मारण्याची होती. काकांनी टेप हातातून काढून घेतली. टोकाला बसवायच्या लगच्या नळीएवढंच वायरचं कातडं सोललं, तांब्याचा एकही धागा तुटू दिला नाही, ते लालसर चकचकीत टोक नळीत सरकवलं, दाबयंत्राने दोन जागी आवळलं आणि मग पायाने गाडीचा टायर रेटून दोन्ही हातांनी ते ओढून पाहिलं. निघालं नाही. “आता बोल,” ते वायरला म्हणाले. पत्र्यातल्या भोकाला रबरी ग्रोमेट बसवल्याशिवाय त्यांनी वायर आत जाऊ दिली नाही.

फ्यूजवरून वाद झाला. पुतण्याला तो गाडीत ठेवलेल्या छोट्या फ्रिजजवळ हवा होता, दिसायला बरा म्हणून. काकांनी तो बॅटरीपासून वीतभर अंतरावर लावला. म्हणाले, “फ्यूज फ्रिजसाठी नसतो बाळा, वायरसाठी असतो. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधली वायर कुठे घासली तर तिला वाचवणारं कोणी नाही. म्हणून ती जेवढी लहान तेवढी बरी. आणि तुझ्या बॅटऱ्या दोन, म्हणजे या वायरीला दोन्ही टोकांना फ्यूज.” अवघ्या गल्लीने मान डोलावली. लालबागमध्ये अनुभवी माणसाचं बोलणं समजायला विषय माहीत असावा लागत नाही.

सगळं जोडून झालं. डॅशबोर्डवरच्या छोट्या पडद्यावर दोन आकडे उमटले. काकूंनी दोन्ही बॅटऱ्यांना हळद-कुंकू वाहिलं. फ्रिज सुरू झाला आणि त्याची घरघर ऐकायला वीस माणसं जमली.

आणि मग तो प्रश्न आला, जो एकाही ऑस्ट्रेलियन व्हिडिओत नव्हता. दुसरी बॅटरी भरायची तर इंजिन चालवायला हवं. गाडी फिरवून आणावी तर जागा जाते. जागेवरच चालू ठेवावी तर धूर तळमजल्याच्या खिडकीत जातो, आणि त्या खिडकीत आजी असतात. फ्रिजचा काँप्रेसर चालू असताना तीन-चार अँपिअर घेतो. मुंबईच्या उकाड्यात दिवसाचे तीस-चाळीस अँपिअर-अवर सहज जातात. तिसऱ्या दिवशी बॅटरी तळाला लागली. पुतण्याने तोडगा काढला. पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून एक्स्टेंशनची वायर खाली सोडली, तिला चार्जर लावला आणि बेस्टच्या विजेवर ती बॅटरी भरायला घेतली, जी बेस्टची वीज नसेल तिथे वापरायची होती. घरात फ्रिज होता, तो चालू होता. त्याच मीटरवर आता खाली रस्त्यावर दुसरा फ्रिज चालू होता. दोन्हींत दूध होतं.

गाडी एकदाच खऱ्या अर्थाने बाहेर पडली, मालवणला. ऑफ-रोड जायचं तर रस्ता सोडावा लागतो, असं पुस्तकात म्हणतात. मुंबई-गोवा महामार्गावर तशी तसदी घ्यावी लागत नाही. चौपदरीकरणाचं काम 2011 साली सुरू झालं आणि रस्त्यानेच अधूनमधून आपल्याला सोडून दिलं. पण बॅटरीची ती सहल सोन्याची ठरली. इंजिन तासन्‌तास चालत होतं, दोन्ही आकडे गच्च भरलेले होते, आणि ऑस्ट्रेलियात ज्या फ्रिजमध्ये बिअर ठेवतात त्यातून कोकम आगळ, ओले काजू आणि काकूंच्या बहिणीने दिलेली सुरमई थंडगार परत आली.

ही सुरमई चाळीत वाटली गेली आणि तिथेच पोराच्या खासगी मालकीचा शेवट झाला. फ्रिजची कीर्ती पसरली. सकाळी कोणाचे देवाचे हार त्यात आले, दुपारी कोणाचं लग्नाचं श्रीखंड. श्रावणात वरच्या मजल्याने सुरमईच्या मूळ इतिहासावरून आक्षेप घेतला, तेव्हा फ्रिज गोमूत्राने पुसावा की व्हिनेगरने, यावर बैठक झाली. रात्री कॅरमच्या स्पर्धेला दिवा हवा, दुसरी बॅटरी. माइक हवा, दुसरी बॅटरी. फक्त एकदा कोणीतरी घाईत चिमटे पुढच्या बॅटरीला लावायला गेला, तेव्हा तळमजल्यावरून हाक आली, “पिवच्या पाण्याक हात लावू नको!” आणि तो जागच्या जागी थिजला. एकान्तासाठी बनवलेलं यंत्र गर्दीत आलं, तरी त्याचा मूळ नियम आमच्या चाळीने पाळला. पहिलीला कोणी हात लावायचा नाही. दुसरीला कोणीही हात लावायचा, एवढाच बदल झाला.

मग गणपती आले. आमचं मंडळ लहान. चिंचपोकळीचा चिंतामणी 1920चा, गणेश गल्लीचा 1928चा, लालबागचा राजा 1934चा; या तिघांच्या मधोमध आमच्याकडे जी गर्दी येते ती रस्ता विचारायला. यंदा कार्यकर्त्यांच्या लक्षात आलं, की राजाच्या नवसाच्या रांगेतून तासन्‌तास उभं राहून आलेल्या माणसाचा फोन मेलेला असतो आणि घरचे कुठे हरवले ते त्याला कळत नाही. 100 अँपिअर-अवर म्हणजे जवळपास 1280 वॉट-अवर. त्यात पन्नास-साठ फोन सहज पोटभर जेवतात. बॅटरी गाडीतून मांडवात आली. वर फलक लागला : ‘मोफत मोबाइल चार्जिंग’. इतिहासात पहिल्यांदा आमच्या गणपतीपुढे रांग लागली. फोन भरेपर्यंत माणसं दर्शन घेत, आरतीला थांबत, दानपेटीत काहीबाही टाकत. पुतण्या रात्रभर वायरी सोडवत बसे.

विसर्जनाच्या दिवशी त्याने बॅटरी पुन्हा गाडीत चढवली आणि थार मिरवणुकीत नेली. ऑफ-रोडवाल्यांच्या भाषेत लो रेंज म्हणजे अतिशय सावकाश, पण अफाट जोराने जायचा गिअर. लालबागच्या राजाकडे तो जन्मजात आहे. सकाळी निघतो आणि गिरगाव चौपाटीला दुसऱ्या दिवशी पोचतो. त्या वेगात इंजिन जवळजवळ निवांतच चालतं, अल्टरनेटरला जोर येत नाही, आणि वर दिवे रात्रभर हवेत. आमच्या मिरवणुकीत दुसऱ्या बॅटरीने पहाटेपर्यंत दिवे जाळले आणि परतीला गाडी पहिलीवर एका झटक्यात चालू झाली. पुतण्याचे डोळे भरून आले. वाळवंट मिळालं नाही, पण परीक्षा झाली.

पुढच्या आठवड्यात त्याने तंबू काढला, फ्रिज पुसला, रजा टाकली आणि मिरवणुकीनंतर मंडळाने ठेवून घेतलेली बॅटरी घ्यायला मंडळाच्या कार्यालयात गेला. कार्यवाह अहवालाची मुद्रितं तपासत होते. त्यांनी पान त्याच्यापुढे केलं : ‘वस्तुरूपाने देणगी : बॅटरी, नग 1’.

“अहो, ती माझी आहे.”

“अर्थातच तुझी. तुझं नाव आहे ना वर. पण पावती फाडलीय रे. आता परत दिली तर हिशोबनिसाला काय दाखवू?”

पुतण्या काही बोलला नाही. कार्यवाहांनी पावतीपुस्तकाचं पुढचं पान उलटलं, कार्बन सरळ केला आणि पेनचं टोपण काढत आपुलकीने विचारलं, “फ्रिजची आत्ताच फाडू, की पुढच्या वर्षी?”